तिसरी कांडी

"तुझा लोंबकळ्या लटकलाय का गं अजून?" दारात बूट चढवता चढवता मुलाने विचारले.

"लटकलाय. पण तू आज रजा घे."

"का? त्याचं लग्न ठरलं की काय?"

आई हसली नाही. लोंबकळ्या म्हणजे बोटाएवढी पोलादाची कांडी. प्रयोगशाळेच्या तळघरात, भट्टीच्या धगीत, खाली वजन बांधून ती टांगलेली होती. किती सोसते आणि कधी तुटते, एवढेच पाहायचे. भट्टीची आच जराही ढळू न देणे हे आईचे काम. तीन देशांच्या तीन शास्त्रीय संस्थांनी मिळून हा प्रयोग मांडला होता. एकाच ओतीच्या, म्हणजे एकाच वेळी वितळवून ओतलेल्या पोलादाच्या तीन कांड्या, तिघांकडे एकेक. त्याच ओतीचा वाफेचा मोठा नळ इथल्या वीजघरात बसवला होता, आणि त्या नळाखाली तिचा मुलगा पाळीवर उभा राहायचा.

"दोघांच्या तुटल्या रे," ती हळूच म्हणाली. "एक उन्हाळ्यात, दुसरी परवा. अदमासाच्या कितीतरी आधी."

"आपली आहे ना धडधाकट!"

"एकाच पोटची तिघं. हिचं नशीब वेगळं कुठून येणार?"

मुलाचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "मी घरी बसलो तर माझ्या जागी दुसरा उभा राहील, आई. त्यालाही कुणीतरी आई असेलच की." तिच्या खांद्यावर हात ठेवून तो जिना उतरून गेला.

तळघरात संस्थेचे सचिव खुशीत होते. दुसऱ्या देशाच्या संस्थेतल्या एक वयस्क शास्त्रज्ञ बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. "बघा, शेवटी टिकली ती आपलीच!" सचिव भट्टी दाखवत म्हणाले. बाई त्यांच्याकडे न बघता भट्टीजवळ उभ्या राहिल्या आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" आईने विचारले.

"विचारतात, वीजघराला कळवलं का."

"मग?"

"मग काय? करार आहे. तिन्ही तुटल्याशिवाय आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय अक्षर बाहेर जायचं नाही. कुणी एकट्याने श्रेय लाटू नये म्हणून घातलेली अट आहे ती. खाली या बाईंचीही सही आहे."

"साहेब, माझा मुलगा त्या नळाखाली..."

"ताई, अभद्र बोलू नका. आजवर फुटलाय का नळ?"

दोघे चहाला वर गेले. ती एकटीच राहिली. कांडीखालच्या वजनाच्या दांडीवर आणखी एक चकती सरकवली, की कांडी घटकाभरात गेली असती. तिचा हात चकतीपर्यंत गेलाही. मग तिने तो मागे घेऊन पोटाशी धरला. देवा, खोटं करून लेकरू वाचवायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

दुपारी कांडी तुटली आणि वजन खालच्या वाळूत पडले. तिला वाटत आले होते, मोठा आवाज होईल. पिठाचे पोते टेकवावे तेवढाच झाला.

सचिव धावत आले. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "ठीक आहे. आता तिघे बरोबरीत. पत्रं टाकू, सह्या मागवू. महिन्याभरात अहवाल."

"महिना?"

"तीन देश आहेत, ताई. शेजारची आळी नाही."

तिने भट्टी निवू दिली. चिमट्याने दोन्ही तुकडे काढले आणि पुसायच्या फडक्यात बांधले.

"अहो, प्रयोगाची वस्तू आहे ती! दाराबाहेर नेलीत तर उद्या इकडे फिरकायचं नाही."

"नाही फिरकत," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली.

दारात पाहुण्या बाई उभ्या होत्या. त्यांनी फडक्याकडे पाहिले, सचिवांकडे पाहिले. मग बाजूला होऊन त्यांनी जड दार तिच्यासाठी उघडे धरले.

वीजघराच्या फाटकावर तिने पाळीप्रमुखांना बोलावणे पाठवले. ते आले तेच घाईत. तिने फडके सोडले. तुटल्या टोकाला बारीक भोके होती, कीड लागलेल्या दाण्यासारखी. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला.

"हे आमच्या नळाचं?"

"त्याच ओतीचं. तिन्ही तुटल्या."

"कागद कुठाय?"

"महिन्याने येईल."

त्यांनी दुसरा तुकडाही उलटून पाहिला. "वरच्या हुकुमाशिवाय नळ बंद केला तर माझी नोकरी जाईल, बाई."

"माझी गेली," ती म्हणाली.

पाळीप्रमुखांनी तुकडे मुठीत घेतले आणि ते आत गेले. पळाले नाहीत, पण रेंगाळलेही नाहीत. त्यांच्यामागे फाटक लागले.

"बसा, मावशी," फाटकवाल्याने स्टूल पुढे केले. "वेळ लागेल."

ती बसली नाही. भिंतीपलीकडे वाफ घोंगावत होती, आणि तो आवाज थांबेपर्यंत तिला तिथून हलायचे नव्हते.