धुतलेला डबा

चहा घ्या मंडळी, पण ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आपल्या किरिमिनेच्या खोऱ्यात छत्र्या एका पायावर उड्या मारत पळून जातात आणि त्यांचे मालक "येईल संध्याकाळी परत" म्हणून निवांत बसतात. तिथेसुद्धा ही गोष्ट आजवर कोणाला पटलेली नाही. एका डब्यापायी, आणि तोही रिकाम्या डब्यापायी, एका बेडकाने देवळाची घंटा गिळली. हसा, खुशाल हसा. घंटा अजून त्याच्या पोटात आहे. पावसाआधी तो ओरडला की खिंडीपलीकडची माणसं हातपाय धुऊन देवळाकडे धावत सुटतात.

तर मिनावा. मिनावा ही सासा नदीतली कप्पा. हिरवी कातडी, पाठीवर कासवासारखं कवच, आणि डोक्यावर टाळूच्या जागी बशीएवढा खळगा, त्यात पाणी. हे पाणी म्हणजे कप्पाचा जीव. सांडलं की हातपाय लुळे पडतात, आटलं की कारभार आटोपला. म्हणून कप्पा मंडळी नदी सोडून लांब जात नाहीत, आणि डोक्यावरच्या बशीला परक्याचा हात तर सोडाच, परक्याची सावलीही लागू देत नाहीत.

मिनावा मात्र डोंगर पालथे घालत हिंडायची, कारण तिच्या जोडीला सुसुकी होती. सुसुकी टेकडीवरच्या कोल्ह्यांच्या घरातली. चेहरा बाईचा, कान आणि शेपटी कोल्ह्याची, जीभ विळ्याची. तिच्या कमरेला सासा नदीच्या पाण्याने भरलेला तुंबा लटकत असायचा. थोडं चाललं की ती म्हणायची, "थांब गं बेडके, बशी बघू," आणि तुंबा कलता करायची. साऱ्या जगात त्या बशीवर पाणी ओतायचा अधिकार असलेला हात तो एकच. स्वतःच्या आईलाही मिनावाने तो दिला नव्हता.

मोहिमांवर जाणाऱ्यांच्या संघात ही जोडी नावाजलेली. ड्रॅगनची दाढ दुखायला लागली तेव्हा ह्या दोघींनीच ती काढली. मिनावा त्याच्या तोंडात पोहत गेली आणि सुसुकी त्याच्या नाकपुडीत बसून त्याला चहाड्या सांगत राहिली, म्हणजे त्याचं दुखण्याकडे लक्ष जाऊ नये. संघाच्या भिंतीवर त्यांच्या नावांची एकच लाकडी पाटी होती. दर शरदात, कापणीच्या सणाला, जोडीदारांनी खोऱ्यातल्या देवळासमोर उभं राहून एका वाडग्यातून साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायची. दुपारचा नगारा थांबायच्या आत. ज्या जोडीतलं एक जरी आलं नाही तिची पाटी उतरते, आणि एकदा उतरलेली पाटी पुन्हा चढत नाही. बाकीच्यांचं ठीक असतं, त्यांना दुसरा जोडीदार मिळतो. मिनावाची पाटी उतरली, तर तिचं जग नदीच्या दोन काठांएवढंच उरणार होतं.

आणि ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी सुसुकीला दुसरी शेपटी फुटली.

कोल्ह्यांच्यात याहून मोठा आनंद नाही. घरोघर लाल भात गेला, अझुकीचे, म्हणजे लाल चवळीसारखे, दाणे घालून शिजवलेला चिकट भात, लाखेच्या काळ्या दोन मजली डब्यातून. मिनावाचा डबा सगळ्यात मोठा. तिने तो काकडीच्या लोणच्याबरोबर असा हाणला, की कवच आतून तंग झालं. मग ती डबा धुवायला बसली.

आता नदीवाल्यांचं धुणं म्हणजे काय विचारू नका. कप्पांच्यात ज्याच्यावर जीव, त्याचं भांडं स्वतः धुवायचं. मिनावाने तो डबा सात पाण्यांतून काढला, बारीक वाळूने घासला, सावलीत वाळवला, कॅमेलियाचं तेल चोळलं. कोपऱ्यात अडकलेला एक दाणा गवताच्या काडीने टोकरून काढला. डबा असा लखलखला की वरून जाणाऱ्या बगळ्याने त्यात तोंड बघून मान सारखी केली. आत एक ताजी काकडी ठेवून मिनावा टेकडीवर गेली.

सुसुकीने झाकण उघडलं. आत बघितलं. तिचे कान मागे गेले आणि डोक्याला चिकटले.

'भरून आलं बिचारीला,' मिनावाला वाटलं.

"फार स्वच्छ धुतलात हो डबा," सुसुकी हसून म्हणाली. "उगीच त्रास घेतलात."

मिनावा खूश होऊन निघाली. अर्ध्या उतारावर तिच्या लक्षात आलं, की सुसुकी तिला अहो-जाहो म्हणाली. पण दुसरी शेपटी फुटल्यावर माणूस जरा अदबीने बोलायला लागत असेल, म्हणून तिने ते सोडून दिलं.

थोड्या दिवसांनी मिनावाच्या कवचाला नवीन कडं धरलं. नदीत ह्याचंही कौतुक असतं. तिने गोड सोयाच्या रसात आटवलेले आयू मासे भातावर रचून आपला डबा सुसुकीकडे पाठवला. डबा दुसऱ्या दिवशी परत आला. मिनावाने हौसेने झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकली. आत रसाचे ओघळ तसेच सुकलेले. तळाला भाताचे दाणे चिकटलेले. एक मुंगी आरामात जेवत होती. आणि ह्या सगळ्यावर, मधोमध, एक केस!

नदीवाल्यांच्यात उष्टं भांडं परत पाठवणं म्हणजे "चाट आता" असं तोंडावर म्हणणं. वर केस! मिनावाच्या बशीतलं पाणी खदखदायला लागलं. तिने तो डबा फेकला नाही, धुतला तर नाहीच नाही. दारामागे पालथा घालून ठेवला, आणि येता-जाता त्याला लाथ मारत राहिली.

पण तोंडाने काही बोलायचं? छे! आपल्या खोऱ्यात भांडायची पद्धत वेगळी. राग जितका जास्त तितकी कंबर जास्त वाकते. दोघी एकमेकींशी अशा गोड बोलायला लागल्या, की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत.

आणि तशातच खिंडीतल्या देवळाचं बोलावणं आलं. एक राक्षसी बेडूक घंटेवर येऊन बसला होता. काम सोपं. सुसुकीने कोल्हेजाळ, म्हणजे कोल्ह्यांचा निळा विस्तव, फेकायचा, बेडूक दचकून उडी मारणार, मिनावाने त्याच्या तंगडीला दोर टाकायचा. दोघी समोर उभ्या राहिल्या.

"आपण आधी दोर तयार करावा," सुसुकी म्हणाली.

"छे छे, आधी आपला जाळ. आपण दोन शेपट्यांच्या."

"आपल्यापुढे माझ्या शेपट्या काय! आपण इतक्या स्वच्छ."

"आपलंही मन मोठं. आपण लोकांना चिकटलेल्या शितांसकट आठवण पाठवता."

"कळली का पण आठवण? मला वाटलं, तीही धुऊन टाकली असेल."

"अहो बायांनो!" पुजारी ओरडला. "बेडूक!"

बेडूक इतका वेळ एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याने जांभई दिली, आणि दिलीच आहे तर म्हणून घंटाही गिळली. मग एक ढेकर दिला, तो दोन सुरांत वाजला, आणि बेडूक जंगलात निघून गेला. पुजारी मटकन खाली बसला.

परत येताना ऊन रणरणत होतं. मिनावाची बशी अर्धी झाली होती. सुसुकीने तुंबा काढला, पण पुढे केला नाही. "पाण्याची गरज भासल्यास कळवावे," ती समोर बघत म्हणाली.

"आपण तसदी घेऊ नये," मिनावा म्हणाली, आणि झाडं धरत धरत, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, नदीपर्यंत आली. नदीत पडल्यावर तिला वाटलं होतं, हायसं वाटेल. नाही वाटलं.

शरद आला. सणाची सकाळ उजाडली. मिनावा नदीत नाकापर्यंत बुडून बसली होती. आधी आपण देवळात जायचं आणि ती आलीच नाही, तर सगळ्या खोऱ्यासमोर एकटीने वाडगा धरून उभं राहायचं? त्यापेक्षा नाकापर्यंत बुडालेलं बरं.

एवढ्यात मोसुके आला. मोसुके म्हणजे टेकडीवरचा टोफूवाला, जातीचा तानुकी, म्हणजे रूप बदलणारा गोलमटोल रानकुत्रा. पोट पुढे, टोपी मागे. त्याला सकाळीच मुलगी झाली होती. "घे, लाल भात! बाप झालो मी!" म्हणत त्याने डबा काठावर ठेवला. मिनावाने भात पानावर काढून घेतला, आणि बोलता बोलता सवयीने डबा पाण्यात बुचकळला.

मोसुकेने अशी किंकाळी फोडली, की मासे उलटे झाले.

"काय केलंस! काय केलंस हे! माझ्या पोरीचं पहिलं सुख पाण्यात सोडलंस!"

"अरे, धुतला नुसता!"

"लाल भाताचा डबा कोणी धुतं? डबा तसाच द्यायचा असतो! दाणे चिकटलेले राहिले की सुख चिकटून राहतं, नातं चिकटून राहतं. धुतलेला डबा देणं म्हणजे तुझं-माझं संपलं, हे घे तुझं भांडं! असं काय बघतेस?"

मिनावा हळूहळू पाण्याबाहेर आली. "मोसुके, आणि परत आलेल्या डब्यात केस असला तर?"

"कसला केस?"

"लांब. भुरा. लाल दोरा गुंडाळलेला."

मोसुके रडायचा थांबला. "नव्या शेपटीचा? बाई गं, कोल्हे लोक तो जावयालासुद्धा देत नाहीत. नव्या शेपटीचा पहिला केस ज्याला देतील, त्याच्यासाठी शेपटी तोडून द्यायला तयार असतात. कोणाला मिळाला?"

मिनावाने कपाळावर हात मारून घेतला. कप्पाने कपाळावर हात मारू नये. निम्मं पाणी सांडलं. पण तिला भान कुठे होतं! म्हणजे हिने सुसुकीच्या तोंडावर मैत्री धुऊन परत केली होती. आणि त्या कोल्हीने ते गिळून, रागावून का होईना, आपला सगळ्यात मोलाचा केस पाठवला होता. आणि ही मेली त्या डब्याला लाथा मारत बसली होती.

ती घराकडे धावली, दारामागचा डबा उचलला आणि तशीच टेकडीच्या वाटेला लागली. तेवढ्यात देवळात नगारा सुरू झाला. ऊन डोक्यावर, बशी निम्मी, तुंबा नाही. पहिल्या वळणावर ती झाडाला टेकली. दुसऱ्या वळणावर डबा मणाचा झाला. चढाच्या मध्यावर एक पर्सिमनचं झाड आहे. तिथे तिला सुसुकी बसलेली दिसली. सणाचा किमोनो घातलेली, दोन्ही शेपट्या विंचरलेल्या, मान वर करून फळं बघत असल्यासारखी. झाडावर एकही फळ नव्हतं.

"मी आपली सहज बसले होते," सुसुकी वर बघतच म्हणाली. "देवळात जायचं असं काही—" मग तिने खाली पाहिलं.

मिनावा धुळीत आडवी झाली होती. हातातला डबा मात्र तिने सुटू दिला नव्हता. बोटांनी चाचपडत तिने तळाचा एक दाणा उकरला. शंखासारखा कडक झालेला. तोंडात टाकला. कटकट आवाज झाला. मग दुसरा.

सुसुकी एका झेपेत आली आणि तुंबा सबंधच्या सबंध तिच्या डोक्यावर रिकामा केला.

"काय खातेस ते!"

"तू चिकटवून ठेवलेला भात," मिनावा पुटपुटली. "चुकलं गं माझं. आमच्यात धुतात. ज्याच्यावर जीव असतो त्याचंच धुतात. तो तुझा डबा सात पाण्यांतून काढला होता मी. कोपऱ्यातला दाणा काडीने काढला."

सुसुकीचे कान हळूहळू उभे राहिले. "काडीने?"

"गवताच्या."

"आणि मी रडत बसले होते, की हिने एक दाणासुद्धा शिल्लक ठेवला नाही." सुसुकी मटकन शेजारी बसली. "केस कुठाय?"

मिनावाने डब्याच्या कडेला चिकटलेला केस अलगद सोडवला आणि मनगट पुढे केलं. सुसुकीने लाल दोऱ्यासकट तो बांधला, जरा जास्तच घट्ट. खाली नगारा जलद वाजायला लागला होता, म्हणजे संपत आला होता. सुसुकीने चार पायांवर कोल्ह्याचं रूप घेतलं, मिनावाला पाठीवर घेतलं आणि अशी सुटली, की वाटेतल्या छत्र्या तिच्या वाऱ्याने उलट्या झाल्या. नगाऱ्यावर शेवटचा दांडा पडायला वर गेला होता, तो वरच थांबला. संघाचा म्हातारा पाटी उतरवायला शिडीवर चढला होता, तो गुपचूप खाली उतरला. दोघी वाडग्यासमोर उभ्या राहिल्या.

आणि मग, मंडळी, सगळ्या खोऱ्यासमोर सुसुकीने दोन्ही शेपट्या जमिनीला टेकवल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात जोडले आणि म्हणाली, "मिनावा, अपराधी मी आहे. तुझ्यासारख्या देवमाणसाचं मन मी ओळखलं नाही. ह्या पामर कोल्हीला पदरात—"

"खोटं!"

आपल्या ह्याच चहाच्या दुकानातल्या मागच्या बाकावर कोणीतरी पेला आपटला. वेताची मोठी टोपी वर झाली आणि खालची बशी चमकली.

"साफ खोटं! माफी-बिफी काही मागितली नाही हिने, ना तेव्हा ना आजवर! विचार हिलाच, बसलीय इथे शेजारी दात काढत. डोक्यावर तुंबा उपडा करताना हिने मला जी सणसणीत शिवी दिली, ती सांग की गोष्टीवाल्या म्हाताऱ्या, हिंमत असेल तर!"