मालकाला टाटा करणारा भोंगा

मित्रांनो, आधी कानांवर हात ठेवा. ठेवलेत? मग सांगतो. मी एक जुना भोंगा आहे. पोर्ट हॅलोरनच्या आइस हॉकीच्या मैदानात, अगदी छताला मी टांगलेला असतो. आपल्या स्टर्जन्स संघाने गोल केला की मी ओरडतो. एवढंच माझं काम. पण ते मी असं करतो, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री पलंगाखाली जातात.

मी अस्सल पितळेचा. माझी सुरुवातीची नोकरी इथल्या समुद्राएवढ्या तळ्यातल्या एका मालवाहू जहाजावर होती. धुक्यात ओरडून मी कितीतरी होड्या वाचवल्या. एकदा कप्तानाने माझ्या दोरीवर ओले पायमोजे वाळत घातले, आणि त्या वजनाने मी असा बोंबललो की किनाऱ्यावरच्या चर्चमधलं लग्न थांबलं. तेवढ्यात नवरीने विचार बदलला. पुढे ती दर नाताळात जहाजावर माझ्यासाठी केक पाठवायची.

जहाज मोडीत निघालं, तेव्हा हॉकीवाल्यांनी मला उचलून आणलं. माझं बटण आलं इर्मा काउपिलाबाईंच्या हाती. त्यांचा धाकटा भाऊ टॉइवो बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. दोघं दिवसभर भांडतात आणि जेवायला एकत्र बसतात.

आमच्या गावाची एक रीत आहे. मी वाजलो की अख्खं मैदान उभं राहतं, समोरच्या संघाच्या गोलरक्षकाकडे बघून हात हलवतं आणि एका सुरात ओरडतं, "टाटा! सावकाश जा!" लहान पोरंसुद्धा आईबाबा म्हणायच्या आधी हे शिकतात.

मग ग्रँट व्हँडरहाइडसाहेबांनी संघ विकत घेतला आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. तेलाचा थेंब नाही, फडक्याचा हात नाही. उन्हाळ्यात माझ्या तोंडात कबुतरांनी घरटं केलं. हंगामाचा पहिला गोल झाला, मी वाजलो, आणि पंच पिसांनी माखले. बिचारे शिट्टी फुंकायला गेले तर तोंडातून पीस बाहेर आलं.

साहेबांना नवं मैदान हवं होतं. त्यासाठी गावाने प्रत्येक खरेदीवर जादा कर द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मतदान ठरलं, 'हो' की 'नाही'. 'हो' झालं असतं तर नव्या मैदानात कॉम्प्युटरचा आवाज लागणार होता, आणि मी भंगारात जाणार होतो. माझ्या अंगावर खडूने तशी फुलीसुद्धा मारून ठेवली होती.

गाव घाबरलेलं होतं. 'नाही' म्हणालो आणि साहेब संघ दुसऱ्या गावी घेऊन गेले तर? टॉइवोसुद्धा पडेल आवाजात म्हणाला, "ताई, मी 'हो' म्हणणार बघ. हॉकी नसेल तर हिवाळ्यात करायचं काय? तुझं तोंड बघत बसू?"

"बघ की! फुकट आहे, कर लागत नाही त्याला," इर्माबाई म्हणाल्या.

मतदानाआधी साहेबांनी जुन्या मैदानातच सभा बोलावली. मैदान किती भिकार आहे ते लोकांना कळावं, म्हणून त्यांनी मुद्दाम हीटर बंद करायला लावले. आता, आमचे लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दिवसभर मासे धरत बसतात. त्यांनी आत येऊन मफलर सोडले. "काय छान ऊब आहे!" म्हणाले.

कुडकुडत होते एकटे साहेब. आणि इर्माबाईंची पेस्टी, म्हणजे बटाटा-मटण भरलेली, करंजीसारखी पण तळहाताएवढी. एरवी ती हीटरवर गरम राहायची. आज बाईंनी ती माझ्या बटणाच्या पेटीवर ठेवली, कारण आत दिवा असल्यामुळे तेवढीच जागा कोमट होती. पेटी उतरती. पेस्टी तुपकट.

साहेब माइकवर गरजले, "नीट ऐका! 'हो' म्हणाला नाहीत, तर मी संघ घेऊन वाळवंटातल्या शहरात जाईन! कायमचा जाईन!"

पेस्टी घसरली आणि धप्पकन बटणावर बसली.

मित्रांनो, मी वाजलो! असा वाजलो, की छताच्या भोकातून वरचा बर्फ साहेबांच्या टकलावर पडला. अख्खं मैदान सवयीने उभं राहिलं, साहेबांकडे बघून हात हलवू लागलं आणि एका सुरात ओरडलं, "टाटा! सावकाश जा!"

बटणात रस्सा गेला होता. मी थांबेचना. लोकही थांबेनात. टॉइवो पायऱ्या चढत ओरडत होता, "अगं ए, काय केलंस?"

"मी कुठे? जेवण माझं, बोट नाही!"

शेवटी मी गप्प झालो. आपण काय बोललो ते लोकांच्या लक्षात आलं. मग मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू सगळ्या मैदानभर पसरलं. साहेबांना 'जा' म्हणून झालं होतं, आणि आकाश काही कोसळलं नव्हतं. भीती गेली ती तिथेच.

मतदानात 'नाही' दणदणीत जिंकलं! टॉइवोनेही 'नाही'लाच मत दिलं, असं तो सांगतो. साहेब खरंच वाळवंटात जाऊन आले. तिथल्या लोकांनी फक्त विचारलं, "तो बर्फ दुपारी कुठे ठेवणार?" साहेब परतले, आणि त्यांनी छप्पर स्वतःच्या खिशातून दुरुस्त करून दिलं. पुढच्या हंगामाच्या पहिल्या गोलाला मी वाजलो, तेव्हा हात हलवणाऱ्यांत साहेबही होते. टकलावर लोकरी टोपी होती.

माझ्यावरची फुली इर्माबाईंनी पदराने, म्हणजे गळ्यातल्या मफलरने, पुसून टाकली.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूला वेळेवर तेलपाणी करा. तिच्या तोंडात कबुतरं राहायला आली नाहीत ना, ते बघा. आणि कुणी 'मी चाललो, मी चाललो' म्हणून तुम्हाला घाबरवू लागला, तर रडू नका. उभे राहा आणि प्रेमाने हात हलवा. आवाजाचं मी बघतो.