विरजण थोरलीचं

थोरलीला धाकटीचा राग होता असं म्हणणं म्हणजे थोरलीवर अन्याय. राग काय, येतो आणि जातो. हे जे होतं ते सकाळी तिच्याबरोबर उठायचं, दात घासायचं आणि डबा घेऊन कामावरसुद्धा यायचं.

दोघी सख्ख्या जावा. एक घर, एक जेवणाचं टेबल, आणि नशीब असं की कामाची जागाही एकच. मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरामागे एक पत्र्याची शेड होती. रुग्णांनी ताटात टाकलेला भात, अर्धवट पाव, भाज्यांची सालं, सगळं तिथं यायचं. थोरली ते यंत्रात दळून मोठ्या बंद टाकीत सोडायची. टाकीतले जंतू त्याचा गॅस करायचे आणि त्या गॅसवर स्वयंपाकघराच्या शेगड्या पेटायच्या. वर्षानुवर्षं निम्मं रुग्णालय तिच्या गॅसवर जेवत होतं. कुणी कधी बरं केलंस म्हणालं नाही, आणि थोरलीलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते धाकटी आल्यावर. दिराची बायको, शिकलेली, हसरी. तिनं शेडच्या कोपऱ्यात एक लहानशी स्टीलची टाकी मांडली आणि त्याच खरकट्यातून हायड्रोजन काढायला लागली. त्या हायड्रोजनवर जेवणाची गाडी वॉर्डावॉर्डांतून फिरायची आणि तिच्या नळीतून धुराऐवजी नुसतं पाणी ठिबकायचं. झालं, ते पाणी बघायला रीघ लागली. एका डॉक्टरांनी तर बोटावर घेऊन चाटूनही पाहिलं. थोरलीच्या टाकीजवळून जाताना हेच डॉक्टर नाकाला रुमाल लावायचे.

पण खरी मिरची झोंबायची ती वेगळ्याच गोष्टीची. धाकटीच्या टाकीला विरजण लागायचं ते थोरलीच्या टाकीतलं.

"ताई, एक डबाभर रबडा द्या ना," असं म्हणत ती यायची. गोड बोलण्यात तिचा हात कोण धरणार? मग तो रबडा ती चांगला खळखळून उकळायची. गॅस करणारे जंतू हायड्रोजन खाऊन टाकतात, म्हणून आधी ते मारायचे. उकळण्यातून जे चिवट वाचतात ते हायड्रोजन करतात. म्हणजे विरजण थोरलीचं, दही धाकटीचं, आणि वर थोरलीचेच जंतू उकळून मारायचे. सांगा, कुणाचं डोकं शांत राहील?

तरी थोरलीनं ते गिळलं असतं. पण एके दिवशी व्यवस्थापकांनी तिला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरीला तपासणीला पाहुणे येतायत. हायड्रोजनची गाडी नीट चालली की मोठी टाकीही हायड्रोजनलाच देऊन टाकू. तुम्ही मग खरकटं निवडायच्या टेबलावर. धाकटीच्या हाताखाली. घरचंच माणूस आहे, सांभाळून घेईल तुम्हाला."

सांभाळून घेईल. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या टाकीचा नुसता वास घेऊन तिला कळायचं की आज टाकीचं पोट बिघडलंय, ती टाकी आता कालची आलेली पोर चालवणार आणि वर हिला सांभाळून घेणार.

त्या दिवसापासून दुपारी धाकटी जेवायला गेली की थोरली आपल्या टाकीतला न उकळलेला रबडा बादलीत काढायची. धाकटी आपली टाकी आंबट ठेवायची आणि थोरलीच्या जंतूंना आंबट सोसत नाही, म्हणून बादलीत मूठभर चुना कालवायची. मग झाकण उघडून सगळं त्या स्टीलच्या टाकीत. लाज? छे, लाज कसली. खा बाळांनो, असंच काहीतरी ती मनात म्हणत होती.

तपासणीच्या दिवशी जेवणाची गाडी पाहुण्यांसमोरच दारात बंद पडली. धाकटीनं मीटर पाहिला. हायड्रोजन जवळजवळ संपलेला, आणि टाकीत चक्क शेगडीचा गॅस. तिचा चेहरा उतरला. पण ती सरळ व्यवस्थापकांपुढे उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "विरजण मी नीट उकळलं नसणार. ताईंच्या टाकीत काही दोष नाही."

मोठी टाकी थोरलीकडेच राहिली. लहान टाकी बंद करायची ठरली आणि निवडायच्या टेबलावर धाकटी गेली. थोरलीला हवं ते सगळं मिळालं. जीव कसा थंड व्हायला हवा होता.

कसला थंड. व्यवस्थापक म्हणाले, "तुमची जाऊ म्हणजे सोनं आहे हो. असं कबूल करतं का कुणी?" स्वयंपाकी तेच म्हणाला. हरून बसली तरी कौतुक तिचंच. थोरली दिवसभर दातओठ खात राहिली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर सासूबाईंनी धाकटीच्या ताटात आग्रहानं वाढलं. "पोरी, चूक पदरात घ्यायला मन मोठं लागतं," त्या म्हणाल्या. थोरलीच्या नवऱ्यानं मान डोलावली. "आपल्या घरात एवढं मोठं मन दुसऱ्या कुणाचं नाही."

थोरलीनं घास ताटात परत ठेवला. गप्प बसली असती तर सगळं निभावून गेलं असतं. पण ज्या चुकीसाठी हिची आरती चाललीय ती चूक हिची नव्हतीच, आणि ते ऐकत राहणं तिच्यानं होईना.

"तिची कसली चूक?" ती ताडकन म्हणाली. "रबडा मी ओतला. रोज दुपारी. चुना घालून."

सगळे हात थांबले. सासूबाईंनी पळी खाली ठेवली. आता धाकटी रडेल, ओरडेल, चार शब्द सुनावेल म्हणून थोरली कंबर कसून बसली.

धाकटीनं एवढंच विचारलं, "म्हणजे माझं उकळणं बरोबर होतं?"

"बरोबर होतं," थोरली म्हणाली.

धाकटीचे डोळे भरून आले आणि तशातच ती हसायला लागली. पाहुण्यांना सांगायचं, निवडायच्या टेबलावरून आपल्या टाकीकडे परत जायचं, ते सगळं तिला अजून सुचलंही नव्हतं. तिचं काम चुकलं नव्हतं, तेवढ्यावर ती खूश होती. इतकं खूश थोरलीला स्वतःच्या टाकीनं कधी केलं नव्हतं, आणि आता तर ती टाकीही जाणार होती. समोर बसलेल्या त्या पोरीच्या हसण्याकडे ती बघत राहिली, आणि तिला त्या हसण्याचाही हेवा वाटला.