वाडगं माझं काम नव्हतं

मी लाकूड कातायची पटाशी. आता माझे दोन तुकडे आहेत, पातं एकीकडे आणि मूठ एकीकडे. पण जे घडलं ते सांगायला तेवढं पुरे.

पोलादाची जाड पट्टी तापवून, पन्हळीसारखी वाकवून मला घडवलं. तोंड रुंद, दिसायला दणकट. लेथवर चौकोनी लाकूड फिरायला लागलं की त्याचे कोपरे काढून ते गोल करायचं, हे माझं काम. खुर्चीचे पाय, जिन्याचे दांडे, असं लांबट काहीही द्या. वाडगं मात्र नको. वाडग्याचं लाकूड फिरताना सतत लाकडाचे उलटे रेशे समोर येतात, झटके देतात. आणि माझी मान, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, पेन्सिलीपेक्षा फार जाड नाही. कुठल्याही कातारकाम करणाऱ्याला हे ठाऊक असतं.

ऑरिन पेल्कीला तर होतंच. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला असलेल्या आमच्या गावात त्याच्याइतका कसबी हात दुसरा नव्हता. तरी वडिलांनी जाताना आपला जुना बिडाचा लेथ दिला त्याच्या धाकट्या बहिणीला, ग्लेनिसला. ती शाळेची बस चालवायची आणि शेवटची सहा वर्षं म्हाताऱ्याचं हगणंमुतणं तिनेच काढलं होतं.

बसची नोकरी सुटल्यावर ग्लेनिसने लेथवरची चादर काढली आणि भावाला घेऊन अवजारांच्या दुकानात आली. भिंतीवर आम्ही वीसेक जणी टांगलेल्या.

"नवशिक्याने कुठली घ्यावी रे?" तिने विचारलं.

"ही," तो मला काढत म्हणाला. "बाकीचा पसारा हौशी लोकांचा."

"आणि वाडगं करायचं झालं तर?"

मी त्याच्या हातात होते. त्याचा अंगठा माझ्या मानेवरून फिरला आणि थांबला.

"बस चालवताना प्रत्येक वळणाला गाडी बदलायचीस का?"

ती हसली. मला वाटलं, हाही आता हसेल आणि खरं ते सांगेल. त्याने मला तिच्या हातात दिलं.

तोंडावर घ्यायचा पारदर्शक मुखवटा तिने उचलला, तर म्हणाला, "तो घे, बर्फात मासे धरायला उपयोगी पडेल." दुकानदार हसला. तिने मुखवटा परत ठेवला.

दोन महिने आमचे फार चांगले गेले. ती मला रोज धार लावायची, पुसून ठेवायची. स्टुलाचे चार पाय आम्ही एकसारखे केले. मग वादळात दारातलं मेपलचं झाड पडलं आणि त्याचं तिला वाडगं करायचं होतं.

तिने मला टेकवलं. पहिल्या झटक्याला ती थोडी दचकली, पण हात काढला नाही. तिसऱ्याला लाकडाने मला आत ओढलं, मान तुटली आणि मी उडाले. तिच्या डाव्या डोळ्यात गेले. माझी धार बघायला ती ज्या डोळ्याशी मला धरायची, त्याच डोळ्यात.

ऑरिन तिसऱ्या आठवड्यात आला. तिच्या चेहऱ्यावर पट्टी होती. ती कपात कॉफी ओतत होती आणि कॉफी कपाशेजारी पडत होती.

"लेथ मी घेऊन जातो," तो म्हणाला. "तुला आता जमायचं नाही."

"तू वाडग्याला कुठली पटाशी वापरतोस?"

त्याने टेबलावर सांडलेली कॉफी बाहीने पुसली. "सबंध लोखंडी गजातून घडवलेली, जाड मानेची. सगळे तीच वापरतात."

"मग मला?"

"तू नवशिक्याचं विचारलंस. नवशिके हीच घेतात."

तिने दार उघडलं आणि तो जाईपर्यंत धरून ठेवलं.

लेथ तिने दिला नाही. वर्षभर चुकत, खरचटत ती एका डोळ्याने कातायला शिकली. मग गावच्या सभागृहात नवशिक्यांना शिकवू लागली. दर शनिवारी मला टेबलावर ठेवायची. "ही माझ्या सख्ख्या भावाने निवडली. ऑरिन पेल्कीने," एवढंच सांगायची आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायची.

लोकांनी त्याला कामं देणं सोडलं. चर्चच्या जेवणात त्याच्या बाकावर कुणी बसेना. शेवटी त्याची बायको वर्ना आली.

"ग्लेनिस, पुरे कर. त्यांना गावात तोंड दाखवता येत नाही."

"मी माझं रोज दाखवते," ग्लेनिस म्हणाली. वर्ना रडत होती, तरी हिने खुर्ची दिली नाही.

मागच्या मार्चमध्ये ऑरिन गेला. जमीन गोठलेली, म्हणून दफन मे महिन्यापर्यंत थांबलं. ग्लेनिस गेली नाही. त्या दिवशी शनिवार होता. सात जण शिकायला आले होते. तिने मला उचललं आणि त्याचं नाव घेतलं.

बाबांनो, अवजार निवडाल तेव्हा त्याची धार बघून भुलू नका, मान बघा. ज्याला विचाराल त्याच्या मनात काय आहे, तेही जमलं तर बघा. आणि माझं एक ऐका. मला भंगारात टाका. त्या मेपलच्या दिवशी मी नकळत लागले होते. त्यानंतर मात्र दर शनिवारी मला ऑरिनच्या नावावर मुद्दाम चालवतात. धार आहे अजून, ती कुणीतरी मोडून टाका.