अहवालाला जोडलेली दोन पानं

सुदाम खरात बारा वर्षं अंबरनाथच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात वेल्डर होता. हात असा, की त्याने जोडलेल्या दोन पत्र्यांमधली रेघ बोटाला लागायची नाही. १९८३ साली त्याने ती नोकरी सोडली, तेव्हा घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं. सरकारी नोकरी, पेन्शन, वसाहतीतलं घर, हे सगळं सोडून हा एमआयडीसीत पत्र्याची शेड भाड्याने घेतो म्हणजे काय? धाकटा भाऊ किसन तेवढा म्हणाला, "दादा, मी येतो तुझ्याबरोबर." किसन तेव्हा तिशीचा होता. शहाडच्या बाजूला एका गिरणीत मशीनवर होता, तेही सोडून आला.

पहिली दोन वर्षं दुधाच्या टाक्या आणि हॉटेलांची सिंकं जोडण्यात गेली. मग संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेला समुद्रात खोल सोडायच्या उपकरणासाठी पाणी न शिरणारी नळकांडी हवी होती. मोठ्या कंपन्या म्हणाल्या, सहा नगांसाठी आम्ही मशीन थांबवणार नाही. सुदामने ती केली. साही पाण्याखाली महिनाभर राहिली आणि कोरडी वर आली. त्या कामावरूनच दिल्लीच्या एका सरकारी योजनेत त्याचं नाव गेलं. परदेश ज्या वस्तू आपल्याला देत नाही, त्या लहान कारखान्यांनी संशोधन करून बनवायच्या आणि त्या संशोधनाचा खर्च सरकारने उचलायचा, अशी ती योजना होती. पहिल्या टप्प्यात एक नमुना करून दाखवायचा. तो पास झाला, तर दुसऱ्या टप्प्यात मोठं काम.

१९८७च्या दिवाळीनंतर गुजरातमधल्या एका प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ हेमचंद्र देवस्थळी शेडवर आले. चाळिशीचा, चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसत बोलणारा माणूस. त्यांना हवा होता एका मोठ्या पोकळ कड्याचा चौथा भाग. स्टेनलेसचा, माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढा, आणि हवेचा कणही आत शिरणार नाही इतका घट्ट.

"यात काय ठेवणार, साहेब?" किसनने विचारलं.

"सूर्यात जे जळतं ना, तसलं काहीतरी," देवस्थळी म्हणाले. "क्षणभरच. आणि भिंतीला लागू न देता. आत हवा राहिली, तर ते पेटायच्या आधीच विझतं."

किसन त्या संध्याकाळी बदलापूरला मांजर्लीत घरी गेला आणि बायकोला, रखमाला, म्हणाला, "आपण सूर्य ठेवायचा डबा करतोय." त्यांची मुलगी सरस्वती बारा वर्षांची होती. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं आणि कोणीच विश्वास ठेवला नाही म्हणून रडत घरी आली. किसन खूप हसला होता त्या दिवशी.

या कामात एक गोष्ट फार नाजूक होती. बाहेरून जोड देताना आतल्या बाजूने हवा लागली, तर धातू काळा पडतो आणि पुढे तिथूनच गळतो. म्हणून जोड देताना सगळं भांडं आर्गॉन वायूने भरून ठेवायचं. आर्गॉनला रंग नाही, वास नाही, तो विषारीही नाही. तो हवेपेक्षा जड असतो एवढंच. भांड्याच्या तळाशी पाण्यासारखा बसून राहतो.

१९८८च्या एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, शेवटचा मोठा जोड पुरा झाला. शेजारच्या शेडमध्ये भगवानदास शेठचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता, आणि त्या रांगेत टेलिफोन त्यांच्याकडेच होता. शेठ दारात येऊन ओरडले, "खरात भाई, तुम्हारा ट्रंक कॉल! जल्दी आओ, साईं!"

सुदाम तसाच धावला. आर्गॉनचा व्हॉल्व्ह उघडा होता. जोड गरम असेपर्यंत तो उघडा ठेवायचाच होता, पण किसनला तसं सांगून जायला हवं होतं. ते तो विसरला.

फोनवर देवस्थळी होते. योजनेच्या समितीने दुसऱ्या टप्प्याला तत्त्वतः होकार दिला होता. उरलेले तिन्ही भाग सुदामनेच करायचे. सुदामने दोनदा "थँक्यू साहेब" म्हटलं, शेठने पुढे केलेला पेढा तोंडात टाकला आणि परत आला. सगळी मिळून सात-आठ मिनिटं झाली असतील.

भांड्याचं झाकण काढलेलं होतं. किसनचे पाय बाहेर दिसत होते. जोड आतून कसा उतरलाय ते पाहायला तो बॅटरी घेऊन आत शिरला होता. बॅटरी आत जळत होती.

सुदामने श्वास रोखला, त्याचे पाय धरले आणि ओढून बाहेर काढलं. छाती दाबली, तोंडात हवा भरली. काही उपयोग झाला नाही. मग तो उठला, सिलिंडरपाशी गेला, व्हॉल्व्ह बंद केला, पाइप काढून गुंडाळला आणि खुंटीला टांगला. हे सगळं केल्यावरच त्याने भगवानदास शेठना हाक मारली.

त्याने तसं का केलं, हे त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. हातांनी आपलं आपण केलं, असंच तो स्वतःला सांगत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "तिथं कसला गॅस वगैरे होता का?"

"विषारी काही नव्हतं, साहेब," सुदाम म्हणाला.

ते खरंच होतं. अंगावर खूण नव्हती, ओठांना फेस नव्हता. उन्हाचे दिवस, पत्र्याची शेड. कागदावर हृदयविकाराचा झटका असं लिहिलं गेलं. पोलिसांनीही तेच उतरवून घेतलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांजर्लीच्या घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली किसनचा फोटो ठेवला होता. लोक येत होते, जात होते. रखमा एकाच गोष्टीवर अडली होती. "नदीला पूर असताना या काठाहून त्या काठाला पोहत जायचे," ती ज्याला त्याला सांगत होती. "दम लागलेला मी कधी पाहिला नाही. काळीज असं कसं बंद पडलं?" सुदाम भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

काम मात्र थांबलं नाही. ते थांबवलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं. सुदामने एकट्याने घासकाम केलं, बारीक तोंडं जोडली. मोठ्या तोंडाजवळ काम आलं की तो डोळे मिटून घ्यायचा आणि हाताने चाचपून करायचा.

एरवी तो रात्री उशिरा मांजर्लीला जेवायला जायचा; जुलैच्या शेवटी एकदा दिवसाउजेडी गेला. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत पोरींनी खो-खो मांडला होता, ओरडा चालला होता. सरस्वती दारात पाटावर बसून त्यांच्याकडे पाहत होती. तालुक्याच्या सामन्यांत शाळेच्या संघातून खेळलेली पोरगी.

"बरं नाही का तुला?" सुदामने विचारलं.

आतून रखमाच म्हणाली, "मीच उठू देत नाही तिला. शाळेतही चिठ्ठी दिलीय, पळवू नका म्हणून. बापाचं काळीज अधू होतं, तर तिचंही असणार. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या डॉक्टरकडे नेऊन छातीचा कागद काढला. तो म्हणतो, काही नाही. यांनाही काही नव्हतंच ना? एका सकाळी गेले."

"किती दिवस झाले?"

"तीन महिने. जिना चढली तरी मी छातीला हात लावून बघते." रखमाने पदराने तोंड पुसलं. "रात्री उठूनसुद्धा बघते, भावजी."

सुदामच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला. बाहेर कुणीतरी बाद झालं होतं आणि पोरी भांडत होत्या. सरस्वतीने मान पुढे काढून पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि परत पाटावर टेकून बसली.

"सरू, तू जा खेळायला," सुदाम म्हणाला.

"भावजी!"

"जाऊ दे तिला, रखमा. तिच्या काळजाला काही झालेलं नाही. किसनच्याही झालं नव्हतं."

मग त्याने सांगितलं. आर्गॉन म्हणजे काय, तो भांड्यात कसा बसतो, तिथे श्वासाला हवा कशी उरत नाही, माणूस आत शिरला की त्याला काहीच कळत कसं नाही, आपण व्हॉल्व्ह उघडा टाकून फोनला कसे धावलो. आणि शेवटी, पाइप गुंडाळून खुंटीला टांगला, तेही सांगितलं.

रखमाने विचारलं, "त्रास झाला का त्यांना?"

"नाही. दोन श्वास घेतले असतील. झोप लागावी तसं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

सुदामने खाली ठेवलेला कप बाजूला सरकवला.

"चूक झाली असेल तुमच्याकडून," रखमा म्हणाली. "कामात चुका होतात. पण तो पाइप तुम्ही टांगलात, भावजी. आणि मी तीन महिने पोरीला बांधून ठेवलं. तुम्ही इथं येऊन जेवून जात होतात." ती उभी राहिली. "मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका. जिथं लिहायला पाहिजे तिथं लिहा. आणि मी बोलावल्याशिवाय या घरात येऊ नका."

सप्टेंबरमध्ये देवस्थळी चाचणीचं यंत्र घेऊन आले. भांड्यातली सगळी हवा ओढून घेतली आणि बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमची बारीक धार फिरवली. कुठेही तो आत शिरला, तर यंत्राचा काटा हलणार. दोन दिवस चाचणी चालली. काटा जागचा हलला नाही.

"खरात, आपल्या देशात असं काम मी पाहिलेलं नाही," देवस्थळी म्हणाले. त्यांनी अहवालाचे कागद पुढे केले. "सही करा. महिन्याभरात दुसऱ्या टप्प्याचं पत्र येईल."

सुदामने खिशातून दोन पानं काढली. शाळेच्या वहीची होती, त्याच्याच अक्षरात लिहिलेली. "हे अहवालाला जोडायचंय, साहेब."

देवस्थळींनी उभ्यानेच वाचायला घेतलं आणि मध्येच स्टुलावर बसले. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"हे जोडलं, तर समिती काम थांबवेल. कारखाने निरीक्षक येईल, केस उभी राहील. दुसरा टप्पा तुम्हाला मिळणार नाही."

"माहीत आहे."

"तुमचा भाऊ यातून परत येणार नाही, खरात. आणि खाली हे काय लिहिलंय? 'आत शिरण्याआधी दोन्ही तोंडं उघडून अर्धा तास पंखा लावावा. एक माणूस बाहेर उभा असल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये.' हे तर नियम म्हणून वेगळं कळवता येईल. नाव न घालता."

"नाव नसलं की माणूस म्हणतो, पुस्तकातलं आहे," सुदाम म्हणाला. "मीही कारखान्यात असे नियम वाचले होते, साहेब. भिंतीवर लावलेले."

देवस्थळींनी वळून भांड्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमची संशोधन करणारी पोरं आमच्या जुन्या भांड्यात रोज उतरतात. मीही उतरलोय. कोणी बाहेर उभं नव्हतं." त्यांनी टाचणी मागितली आणि ती दोन पानं अहवालाला स्वतःच्या हाताने लावली.

पुढे सगळं देवस्थळी म्हणाले होते तसंच झालं. समितीने काम थांबवलं. दुसरा टप्पा, म्हणजे उरलेले तीन भाग, पुण्याकडच्या एका कारखान्याला गेला. उल्हासनगरच्या कोर्टात सुदामवर निष्काळजीपणाची केस चालली. त्याने गुन्हा कबूल केला, दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैदेची शिक्षा झाली. तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. भगवानदास शेठ सबंध दिवस त्याच्या शेजारी बसले होते. वर्षअखेर त्याने शेड सोडली आणि बदलापूरच्या एका कारखान्यात पगारावर वेल्डिंगला लागला. त्याची बायको मालिनी कधी काही म्हणाली नाही. फक्त घरात लावलेल्या किसनच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना ती सुदामला हाक मारून जवळ बोलवायची.

ती दोन पानं मात्र फिरली. प्रयोगशाळेने ती टंकलिखित करून अशी कामं करणाऱ्या प्रत्येक लहान कारखान्याला पाठवली, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांनाही पाठवली. वर किसन खरात हे नाव, वय आणि तारीख होती. एकदा कोइमतूरहून इंग्रजीत पत्र आलं. तिथल्या एका माणसाला आत शिरता शिरता दुसऱ्याने कॉलर धरून मागे ओढलं होतं. सुदामने ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि रखमाकडे पोचतं केलं. तिच्याकडून उत्तर आलं नाही.

१९९१च्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेचं यंत्र पहिल्यांदा चाललं. देवस्थळींनी दोन आमंत्रणं पाठवली, एक सुदामला आणि एक रखमाला. सुदामला वाटलं नव्हतं, पण रखमा आली. सोबत सरस्वतीही होती, आता पंधरा वर्षांची, आईपेक्षा उंच. साऱ्या प्रवासात रखमा खिडकीपाशी बसून होती. सुदामने पाण्याची बाटली पुढे केली, तर ती तिने घेतली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

यंत्र एका उंच दालनात होतं. तांब्याच्या वेटोळ्यांनी आणि तारांनी ते असं वेढलेलं होतं, की आतलं स्टेनलेस कुठेच दिसत नव्हतं.

"आमचा भाग कुठला?" रखमाने देवस्थळींना विचारलं.

"या बाजूचा. खिडकीकडचा." ते थोडे ओशाळले. "आता दिसत नाही, बाई. पण सगळ्या यंत्रात तेवढा एकच भाग असा आहे, की ज्याला आम्हाला एकदाही हात लावावा लागला नाही."

त्यांना जाड काचेमागे उभं केलं. घंटा वाजली. मग पडद्यावर गुलाबी उजेड चमकला आणि गेला. पापणी लवावी तेवढाच. सरस्वती म्हणाली, "झालं?" आणि तिथले सगळे शास्त्रज्ञ हसले. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी होतं.

रखमा काचेला हात टेकून उभी होती. दालनात माणसं जाऊ लागली, तेव्हा ती म्हणाली, "अजून एकदा करता येईल का?"

देवस्थळींनी घड्याळ पाहिलं. वेटोळी थंड व्हायला वीस मिनिटं लागणार होती. "थांबा," ते म्हणाले. त्यांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची आणली. पण ती बसली नाही. वीस मिनिटं ती तशीच उभी राहिली, आणि तिच्यापासून दोन हातांवर सुदामही उभा राहिला. पुन्हा घंटा वाजली, पुन्हा तो उजेड आला आणि गेला.

परतीच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर सरस्वती पुस्तकांच्या गाड्यापाशी गेली होती. रखमाने पिशवीतून भाकरी काढली, तिचे तीन भाग केले आणि एक सुदामसमोर धरला.

"मेमध्ये बुद्धपौर्णिमेला घरी या," ती म्हणाली. "जाऊबाईंनाही आणा."

सुदामने भाकरी दोन्ही हातांनी घेतली. त्याने मान हलवली.