वेनिंग माझ्यात बसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना बांबूचा पिंजरा आहे. जावा बेटावरच्या एका खेड्यात कार्जो नावाच्या म्हाताऱ्याने मला विणले. एरवी माझ्याखाली कोंबडे झाकतात. पण मूल पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकते, त्या दिवशी मला धुऊन, फुले बांधून अंगणात मांडतात. मुलाला माझ्यात बसवून पुढे वस्तू ठेवतात. ते जे उचलेल तसे त्याचे आयुष्य होते म्हणे. खरेखोटे मला माहीत नाही.

हा विधी सातव्या महिन्यात करतात. वेनिंग मात्र दोन महिने आधीच जन्मली होती, जेमतेम सव्वा किलोची. सातव्या महिन्यात तिला बसताही येईना. शेजारीण कुंपणावरून विचारी, "वार्तिनी, पोरीचे पाय पेटीत जपून ठेवलेस की काय गं?" वार्तिनी, तिची आई, मान खाली घाली.

दहाव्या महिन्यात वेनिंग माझ्यात बसली. पुढे फणी होती, पेन्सिल होती, आरसा होता. तिने हात पुढे केला, तो रिकाम्या चटईवर पडला. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"राणीसाहेबांना काही पसंतच नाही!" कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

सुमिरा आजी हसली नाही. तिने माझ्या काड्यांतून हात घालून फणी हळूच सरकवली. नातीची नजर फणीमागे गेली नाही.

"वार्तिनी, हिला दवाखान्यात शेवटचं कधी नेलं होतंस?"

"वजन भरलं ना, आई. मग नाही नेलं."

"वजन भरलं गं. डोळे कुणी पाहिले?"

मी तर कितीतरी मुले पाहिली होती; मलाही कळले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी दोघी वेनिंगला घेऊन शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. नजर फार अधू होती. चष्म्याने बरेच दिसणार होते. "शाळेत जाईपर्यंत आणत राहा," बाई म्हणाल्या. "कान, पाय, बोलणं, सगळं बघावं लागतं." वार्तिनीने त्यानंतर एकही खेप चुकवली नाही.

वेनिंग आता सात वर्षांची आहे. डावा पाय किंचित ओढते, हिशेब तिला उशिरा उमजतो, धावले की धाप लागते. पण वाचते मात्र भराभर.

माझ्या काड्या आता मोडल्या आहेत. मला जळणात घातलेत तरी चालेल. पण मित्रांनो, लवकर जन्मलेल्या मुलाने बाळसे धरले म्हणून त्याची तपासणी सोडू नका. ते चुकले, अडखळले, तर हसण्याआधी त्याच्याजवळ बसा. त्याला दिसते का, ऐकू येते का, एवढे तरी बघा.