मागच्या चाकातली पातळ ट्यूब

दिवाळीची भाजणी ज्या काट्यावर तोलली जायची, त्या काट्यावर गुरुवारी संध्याकाळी टायर चढला. घडी घातलेला, नवाकोरा, मांजर वेटोळं करून निजावं तसा. सुहासिनीने कणकेने माखलेले हात वर धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"नंतर पुसून ठेवा रे काटा. पोळ्यांना रबराचा वास यायचा."

"आई, नया है. एकदम साफ," अक्षरा म्हणाली आणि तिने आकड्यावर नाक टेकवलं.

अक्षरा चंदीगडातच वाढलेली. आईबाप बोलायचे मराठीत, ती ऐकायची मराठीत आणि उत्तर द्यायची हिंदीत; मधूनच एखादा मराठी शब्द, भाजीवर खोबरं पेरावं तसा. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं, पण जीव सगळा सायकलीत. ही सायकल कुठे जाण्यासाठी नव्हतीच. सीट नावापुरती, तिच्यावर कुणी बसायचं नाही. पेडलवर उभं राहायचं, ब्रेक आवळायचा, मागच्या चाकावर तोल धरायचा आणि पायरीवर, बाकावर, कट्ट्यावर बेडकासारख्या उड्या मारायच्या. स्ट्रीट ट्रायल्स म्हणतात याला. तिच्या बाबांच्या, विश्वासच्या मते हाडं मोडण्याचाच हा एक सुशिक्षित प्रकार होता. आणि हाडांच्या डॉक्टरचं मत असं सहज झटकून टाकता येत नाही.

रविवारी सकाळी सेक्टर सतराच्या चौकात इंद्रजित येणार होता. त्याची चौघांची टोळी पुढच्या महिन्यात पिंजौरच्या जत्रेत कसरती दाखवणार होती. तिघं ठरले होते, चौथं कोण ते रविवारी ठरणार. अट एकच: एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यावर, मधली दरी ओलांडून, मागच्या चाकावर उतरायचं. अक्षराचं चाक दर वेळी पलीकडच्या कडेला चाटून खाली यायचं. चार बोटं कमी पडायची, फक्त चार बोटं.

"चाकाच्या काठावरचं वजन फिरवायला दुप्पट जोर लागतो, बाबा. इसलिए सब हलका चाहिए." तिने जुना टायर काट्यावर ठेवला. त्याच्या कडेत पोलादी तार होती, म्हणून त्याची घडीही होत नव्हती. आकडा भराभर चढला. "देखा? घडीवाला पक्का. दोन्ही चाकांना."

टायरबद्दल विश्वासची तक्रार नव्हती. तक्रार ट्यूबची होती. जुनी ट्यूब जाड, म्हशीच्या कानासारखी. नवी त्याने दोन बोटांत धरून ताणली तर पलीकडचा दिवा दिसेल असं वाटलं.

"ही ट्यूब आहे की नवजात बाळाची कातडी? पुढे घाल खुशाल. पण मागे जाडीच राहू दे. सगळा भार मागच्या चाकावर उतरतो. कडेवर आपटली की टायर आणि रिंग यांच्यात चिमटून फाटेल."

"हवा जास्त भरूँगी ना."

"हवा जास्त भरलीस तर चाक चेंडूसारखं उसळेल. पकड राहणार नाही."

"बाबा, आप नहीं कूद रहे."

विश्वासने ट्यूब काट्याशेजारी ठेवून दिली. सुहासिनी वाईकडची, नॉलेज सिटीतल्या संशोधन संस्थेत दिवसभर सूक्ष्मजंतूंशी बोलणारी. पण आजोळच्या बायांची जात्यावरची खोड तिच्या जिभेला होती. घरात वाद अडला की ती ओवी रचायची. पोळी लाटता लाटता तिने सूर लावला:

"लेक उडाया निघाली, बाप वजन तोलितो,
रबराच्या कातडीत, जीव आपला ठेवितो."

"आई, प्लीज!" अक्षरा हसली. विश्वासही हसला. त्या रात्री दोन्ही चाकांत पातळ ट्यूब गेली.

शनिवारी विश्वास दुपारीच घरी आला. सकाळी त्याने एका मुलीचं मनगट बसवलं होतं. ती स्कूटरवरून पडली होती; सायकलशी तिचा काही संबंध नव्हता. पण मनगट अक्षराच्याच मापाचं होतं. घरात कुणी नव्हतं. सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, शहाण्या पोरासारखी. विश्वासने तिचं मागचं चाक एकदा फिरवून पाहिलं. मग त्याने बाह्या वर केल्या.

काम त्याने शस्त्रक्रियेसारखं केलं. मागचं चाक काढलं, टायरची कड लिव्हरने अलगद सोडवली, पातळ ट्यूब बाहेर काढली. जुनी जाड ट्यूब तपासली, तिला टाल्कम पावडर चोळली, टायरच्या पोटात नीट निजवली. टायरवरचं कंपनीचं नाव हवा भरायच्या तोंडासमोर आणून जुळवलं, अक्षरा जुळवायची अगदी तसंच. चाक परत बसवलं. हात धुतले. बाहेरून ओळखू येईल असं काहीही शिल्लक नव्हतं. पातळ ट्यूब गाडीच्या डिकीत गेली आणि विश्वासला त्या रात्री छान झोप लागली.

रविवारी चौकातली दुकानं अजून बंद होती. कबुतरं फरशीवर दाणे टिपत होती आणि सुहासिनी पायरीवर थर्मास उघडून बसली होती. इंद्रजित उंच, आकाशी पगडीचा, बोलण्यात गूळ. "सत श्री अकाल आंटी जी! चाय अकेले अकेले?" म्हणत त्याने कपभर चहा पटकावलाही.

अक्षरा कट्ट्यावर चढली. सायकल मागच्या चाकावर उभी करून तिने एक उडी घेतली, जागच्या जागी. दुसरी घेतली. आणि थांबली. तान्ह्याच्या कपाळाला हात लावला की आईला ताप कळतो, त्याला थर्मामीटर लागत नाही. तसा तिला चाकातला बदल कळला. ती खाली उतरली आणि सरळ बापासमोर आली.

"बाबा. पीछे का पहिया किसने खोला?"

विश्वासने चष्मा सारखा केला. "मी. जाडी घातली. तुला लागू नये म्हणून गं, बाळा."

"कब?"

"काल. तू क्लासला होतीस."

सुहासिनीने कप खाली ठेवला. "विश्वास! अरे, काय हे?"

अक्षरा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मैं पतली के हिसाब से कूदती," ती हळू म्हणाली. "दोन दिवस तीच उडी डोक्यात बसवली आहे मी. चाक जड निकलता, मैं कम पड़ती, और सीधे मुँह पे. और मुझे पता भी नहीं होता क्यों." तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "पेशंट को बिना पूछे रॉड डाल देते हो, बाबा?"

"नाही."

"तो?"

आत्ता कुठे विश्वासला कळलं. पोरीला पडू द्यायचं नाही म्हणून त्याने तिच्या उडीखालची जमीनच हलवली होती, आणि वर निवांत झोपला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "बदलून देऊ? आत्ता? तू म्हणशील ते घालतो."

तिने सायकल त्याच्यासमोर आडवी ठेवली. "पतली. पण माझ्यासमोर."

गाडीच्या डिकीतून पातळ ट्यूब आणून तो फरशीवर गुडघे टेकून बसला. आजूबाजूला इंद्रजितची पोरं उभी. जी ट्यूब त्याने चोरून काढली होती, तीच आता स्वतःच्या हाताने घालायची होती. त्याने ती घातली, आणि मनापासून घातली. अंगठ्याने टायरची कड गोल फिरून चाचपली, कुठे चिमटा राहिला नाही ना म्हणून दोनदा पाहिलं. पंप घ्यायला हात पुढे केला तर अक्षराने तो उचलून घेतला होता. हवा तिने स्वतः भरली. टायर बोटाने दाबून पाहिला, थोडी आणखी भरली.

मग ती कट्ट्यावर गेली. विश्वासला डोळे मिटायचे होते, पण सुहासिनीने त्याचं मनगट धरलं. "बघ. मिटलेस तर तिला कळेल."

सायकल मागच्या चाकावर उभी राहिली, वाकली, दबली आणि सुटली. क्षणभर पोर आणि चाकं नुसत्या उजेडावर होती. थप्. पलीकडच्या कट्ट्यावर मागचं चाक कडेच्या चांगलं आत उतरलं.

"ओए बल्ले!" इंद्रजितने चहाचा कपच उंचावला. "चौथी मिल गई, पक्का! इक वार होर, वीडियो वास्ते!"

दुसऱ्या उडीत आनंदाचंच वजन जास्त झालं असावं. चाक नेमकं कडेवर उतरलं. खट्ट, आणि लगेच फुस्स. अक्षराने तोल सावरला, एक पाय टेकला, उभी राहिली. ट्यूब काढून पाहिली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी.

सगळ्यांनी विश्वासकडे पाहिलं. 'मी म्हणालो होतो' हे वाक्य त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखं पाट मांडून. त्याने ते गिळलं.

"आता काय घालायचं?" त्याने विचारलं. एवढंच.

अक्षराने ट्यूबच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग कट्ट्याची कड पाहिली. "पिंजौर में सब पत्थर के किनारे हैं ना, वीरजी?"

"सारे पत्थर," इंद्रजित म्हणाला.

"तो पीछे मोटी," ती म्हणाली. "पुढे पातळच राहील. टायर दोन्ही घडीवाले. महिना आहे, उडी नवीन बसवीन." आणि बापाकडे वळून, अजून थोडी फुगलेली: "तुमच्यामुळे नाही हां. किनारे की वजह से."

"अर्थात," विश्वास म्हणाला. सुहासिनीला खोकला आला. तो खरा नव्हता.

मघाशी काढलेली जाड ट्यूब पायरीवरच पडली होती. अक्षराने ती स्वतः घातली, टायरवरचं नाव जुळवलं, कड बसवली. मग पंप बापाच्या हातात दिला.

"मारो. कितनी, वो मैं बोलूँगी."

विश्वास पंप मारू लागला. प्रत्येक वेळी दांडा खाली गेला की मान वर करून तो तिच्या चेहऱ्याकडे पाही. ती टायर दाबून बघत होती. तिने हात वर केला, तसा तो थांबला.